बेंचमार्क टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटसाठी कसं लिहायचं: आकडा एकटा बाहेर सोडायचा नाही

गेल्या वर्षी, क्लायंटच्या जाहिराती सांभाळणाऱ्या आमच्या लोअर परळच्या ऑफिसात एक क्लायंट मीटिंग झाली. ठाण्याचे क्लासेसवाले सर होते, आणि आम्ही नुकताच बसवलेला एआय एजंट (भाषेचं मॉडेल, जे लागेल ते टूल स्वतः वापरून काम करतं) त्यांचा महिन्याचा रिपोर्ट स्वतःच लिहून द्यायचा. त्या रिपोर्टमध्ये एक वाक्य होतं, की तुमच्या क्षेत्रात एक लीड, म्हणजे जाहिरात बघून आलेली एक चौकशी, साधारण ५५ रुपयांना पडते आणि तुम्हाला ४०० ला पडतेय (आकडे मी इथे बदललेत, क्लायंटचे खरे थोडीच देणार). सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शांतपणे विचारलं, "म्हणजे सातपट पैसे घालवताय का माझे?"

नंतर खणत बसलो तर ५५ हा आकडा बरोबरच निघाला. फक्त तो डॉलरमधला होता आणि भारताचा नव्हताच. एजंट ज्या टूलकडून, म्हणजे छोट्या प्रोग्रामकडून, बेंचमार्क (त्या उद्योगातल्या इतरांचा साधारण आकडा) मागवतो त्याच्याकडे भारताचा आकडा नव्हता म्हणून त्याने गुपचूप जगाचा उचलून दिला, एजंटने बघितलं की क्लायंट ठाण्याचा आहे, लावलं रुपयाचं चिन्ह, झालं. कोडमध्ये बग नाही, डेटाबेसमध्ये चूक नाही. टूलच्या वर्णनात फक्त एक ओळ होती: "मार्केटिंग बेंचमार्क देतो." ती ओळ मीच लिहिली होती, ७:४० ची डोंबिवली पकडायची होती म्हणून घाईघाईत.

त्यानंतर ते डॉक्युमेंटेशन मी चार वेळा नव्याने लिहिलंय. त्यातून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने सांगते. तुमच्याकडे बेंचमार्कचं टूल नसेल, दुसरं कुठलं आकडे शोधून देणारं टूल असेल, तरी बरंचसं चालेल.

आधी हे कळू द्या की वाचणारा कोण आहे

माणसासाठी डॉक्युमेंटेशन लिहिताना आपण धरून चालतो की अडलं तर तो बाजूच्या डेस्कवर जाऊन विचारेल. एजंट आपणहून कुणाला विचारत नाही. त्याच्यासमोर टूलचं नाव, वर्णन आणि कुठली माहिती द्यायची त्याचा साचा, म्हणजे स्कीमा, एवढंच येतं, आणि टूल वापरल्यावर जे उत्तर परत येतं ते. बस. तुमचं सुंदर रीडमी, कॉन्फ्लुएन्सचं पान, लाँचच्या दिवशी केलेलं प्रेझेंटेशन, यातलं त्याला काही दिसत नाही. ओपनएआयने जून २०२३ मध्ये फंक्शन कॉलिंग (मॉडेलला टूल वापरू देण्याची सोय) आणलं तेव्हाही हेच होतं आणि अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे एमसीपी (मॉडेलला टूल्स जोडायची ठरलेली पद्धत) आणला, त्यातही टूल म्हणजे नाव, वर्णन आणि इनपुटचा जेसन स्कीमा हाच गाभा आहे. त्यामुळे तुम्ही कुठल्याही बाजूचे असा, लिहायचं काम तेच.

म्हणजे इथलं वर्णन ही कोडचीच एक ओळ आहे, तिच्यात एक शब्द बदलला तर टूल वेगळं वागायला लागतं. हे आमच्या डेव्हलपर मंडळींना पटवायला मला दोन महिने लागले, कारण त्यांच्या डोक्यात "डॉक्स काय, शेवटी टाकू".

आणि एक, हे वर्णन प्रत्येक वेळी मॉडेलच्या कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे त्याला वाचायला दिलेल्या मजकुरात जातं, त्याचे टोकन (मजकुराचे तुकडे, ज्यांवर बिल लागतं) मोजले जातात, सोबत अजून दहा टूल्सची वर्णनं असतात. त्यामुळे निबंध लिहायचा नाही. आमचं आता दीडशे-पावणेदोनशे शब्दांत बसतं. बाकीचं सविस्तर माणसांसाठी वेगळ्या पानावर.

मला विचाराल तर नमुना म्हणून स्टेशनवरचा इंडिकेटर बघा. गाडी कुठली, किती वाजताची, फास्ट का स्लो, किती डब्यांची, एवढ्याशा जागेत सगळं असतं, आणि त्यावरून माणूस ठरवतो की या गाडीत चढायचं का नाही. विद्याविहारला उतरणाऱ्याला फास्ट दिसली की तो चढतच नाही. तुमचं वर्णन वाचून एजंटला हे न चढणं जमलं पाहिजे, ते चढण्यापेक्षा अवघड असतं.

लिहायला बसायच्या आधी प्रश्न गोळा करा

ही पायरी सगळे गाळतात, मीही पहिल्यांदा गाळली होती. आमच्या अकाउंट मॅनेजर लोकांचे चॅट, मेल, मीटिंगच्या नोट्स चाळून मी चाळीसएक खरे प्रश्न काढले, जसे विचारले तसेच, भाषा न सुधारता. "आपला सीटीआर बरा आहे ना?", "ज्वेलरीवाल्यांना सीपीएम एवढा का लागतोय, सगळ्यांनाच लागतोय का?", "बोरिवलीत रिडेव्हलपमेंटचे फ्लॅट विकायला लीड कितीला पडायला पाहिजे?", "पुढच्या महिन्यात बजेट वाढवलं तर किती लीड येतील?" (सीटीआर म्हणजे जाहिरात जितक्या वेळा दिसली त्यातल्या किती टक्के वेळा क्लिक झालं ते, सीपीएम म्हणजे ती हजार वेळा दिसण्याचा खर्च.)

मग त्यांचे तीन गठ्ठे केले. पहिला, टूल सरळ उत्तर देऊ शकतं असे. दुसरा, टूल कधीच देऊ शकणार नाही असे (वरचा शेवटचा प्रश्न बघा, तो अंदाजाचा आहे, बेंचमार्क म्हणजे झालेल्या गोष्टीचा आकडा). तिसरा, अर्धवट, म्हणजे आधी काहीतरी उलट विचारल्याशिवाय उत्तर देता येणार नाही. "बरा आहे ना" मध्ये कुठल्या प्लॅटफॉर्मवरचा, कुठल्या महिन्याचा, कशाशी तुलना, काहीच नाही.

पहिल्या गठ्ठ्यातून वर्णन लिहिता येतं, पण खरा माल दुसऱ्या-तिसऱ्यात असतो. "हे टूल कधी वापरू नये" हा भाग तिथूनच येतो, आणि नंतर टेस्टिंगलाही हेच प्रश्न लागणार आहेत, त्यामुळे फाईल जपून ठेवा.

नाव आणि वर्णन

नाव साधं आणि कामाचं ठेवा. आमच्या टूलचं आधीचं नाव "मार्केट इनसाइट" होतं, ऐकायला भारी, पण एजंट त्याच्याकडे काहीही घेऊन जायचा, प्रतिस्पर्ध्याच्या जाहिराती सुद्धा. आता नाव आहे "उद्योग_बेंचमार्क_शोधा" (खऱ्या फाईलमध्ये हे इंग्रजीत आणि रोमन लिपीत आहे, इथे वाचायला बरं म्हणून मराठीत देतेय, पुढची नावंही तशीच समजा).

सगळ्यात मोठा गोंधळ शेजारच्या टूलशी होतो. आमच्याकडे दुसरं एक टूल आहे जे क्लायंटच्या स्वतःच्या अकाउंटचे आकडे काढतं. "सीटीआर किती आहे" असं विचारलं की एजंट दोघांपैकी कुणाचंही दार वाजवायचा, आणि कधीकधी बेंचमार्कचा आकडा क्लायंटचा म्हणून छापायचा, देवा. म्हणून वर्णनात शेजाऱ्याचं नाव घेऊन सांगावं लागतं. आमचं वर्णन साधारण असं आहे:

"एखाद्या उद्योगातल्या अनेक जाहिरातदारांचा मिळून झालेला मधला आकडा परत करतं, उदा. क्लिकचा दर, एका लीडचा खर्च. क्लायंटचा स्वतःचा आकडा आधीच हातात असेल आणि तो इतरांच्या तुलनेत कसा आहे हे बघायचं असेल तेव्हा वापरा. क्लायंटचे स्वतःचे आकडे इथे मिळत नाहीत, त्यासाठी 'अकाउंट_आकडे' वापरा. पुढचा अंदाज, बजेटची शिफारस, एका ठराविक कंपनीचा आकडा यासाठी वापरू नका. शहरानुसार आकडे नाहीत, फक्त देश किंवा जग. डेटा नसेल तर रिकामं उत्तर येईल, तेव्हा स्वतःच्या माहितीतून आकडा घालू नका. उत्तरात आकडा सांगताना एकक, प्रदेश आणि कालावधी सोबत सांगा."

बघा, अर्ध्याहून जास्त वाक्यं "नाही"ची आहेत. मला आधी वाटलं होतं की फार नकारघंटा होतेय, पण काम तीच वाक्यं करतात. शहराची ओळ बोरिवलीच्या प्रश्नामुळे आली. एजंटने देशाचा आकडा घेऊन "मुंबईच्या पश्चिम उपनगरांतला सरासरी दर" असं बिनधास्त लिहिलं होतं, आणि वाचायला इतकं खरं वाटत होतं की आमच्या मॅनेजरनेही पुढे पाठवलं.

पॅरामीटर: इथे वेळ घालवा

टूलला चार गोष्टी द्याव्या लागतात: मेट्रिक (कुठलं माप हवं ते), उद्योग, प्रदेश, कालावधी. प्लॅटफॉर्म पाचवा. प्रत्येकाला स्कीमामध्ये स्वतःचं वर्णन लिहायची सोय असते आणि बहुतेक जण तिथे "मेट्रिक: मेट्रिकचं नाव" असलं काहीतरी लिहून मोकळे होतात, त्यापेक्षा रिकामं ठेवा.

मेट्रिकला मोकळा मजकूर घेऊ नका, ठरलेली यादी द्या, म्हणजे एन्यूम. आणि यादीतल्या प्रत्येक नावाची व्याख्या एका ओळीत द्या, वर काय आणि खाली काय भागायचं ते. तुम्हाला वाटेल की सीटीआर कुणाला माहीत नाही, मॉडेलला तर सगळंच माहीत असतं. अडचण तीच आहे, त्याला सगळ्या व्याख्या माहीत आहेत, तुमची कुठली ते माहीत नाही.

फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातीतच बघा, सीटीआरचे दोन कॉलम असतात. एकात जाहिरातीवर पडलेले सगळे क्लिक, म्हणजे लाइक, "आणखी बघा", प्रोफाइलवरचा टॅप वगैरे सगळं, आणि दुसऱ्यात फक्त लिंकवरचे. पहिला अर्थातच मोठा दिसतो. क्लायंटचा लिंकवाला आणि बेंचमार्क सगळ्या क्लिकचा घेतला की क्लायंट उगीच नापास. म्हणून आमच्या यादीत "सीटीआर" असं नावच नाहीये, "सीटीआर_लिंक" आणि "सीटीआर_सर्व" अशी दोन नावं आहेत, आणि नक्की कुठला ते माहीत नसेल तर युजरला विचारा असं खाली लिहिलंय.

बाउन्स रेटची, म्हणजे वेबसाइटवर येऊन तसंच निघून जाणाऱ्यांच्या प्रमाणाची, गंमत वेगळी. वेबसाइटवरची ये-जा मोजणारं गुगलचं जुनं युनिव्हर्सल अ‍ॅनालिटिक्स १ जुलै २०२३ पासून बंद झालं आणि त्याची जागा जीए४ या नव्या आवृत्तीने घेतली, आणि दोन्हीकडे बाउन्स रेट या एकाच नावाखाली वेगळ्या गोष्टी आहेत. जुन्यात एकच पान बघून काहीही न करता निघून गेलेला तो बाउन्स. जीए४ मध्ये एंगेज्ड नसलेलं सेशन (वेबसाइटची एक भेट) म्हणजे बाउन्स, आणि एंगेज्ड म्हणजे १० सेकंदांपेक्षा जास्त थांबला किंवा दोन पानं बघितली किंवा महत्त्वाची ठरवलेली कृती केली. म्हणजे एखादा माणूस एकाच ब्लॉगवर पाच मिनिटं वाचत बसला तर जुन्यात बाउन्स, नव्यात नाही. २०२२ चा बेंचमार्क आणि आजचा आकडा एकमेकांशेजारी ठेवणं म्हणजे शेर आणि किलो एकाच तराजूत. व्याख्येच्या ओळीत "फक्त जीए४, जुन्या आकड्यांशी तुलना करू नका" असं स्पष्ट लिहा.

ईमेलचा ओपन रेट तर आम्ही यादीतून जवळजवळ काढणारच होतो. अ‍ॅपलने सप्टेंबर २०२१ मध्ये आयओएस १५ सोबत मेलमध्ये प्रायव्हसीची सोय आणली, त्यात मेलमधली चित्रं आधीच लोड होतात, मेल उघडल्याचं कळवणारं बारीक चित्र, म्हणजे ट्रॅकिंगचा पिक्सेलही त्यातच, म्हणजे माणसाने मेल उघडला नाही तरी उघडल्याची नोंद. शेवटी ठेवला, पण वर्णनात लिहिलं की हा आकडा फुगलेला असू शकतो, शक्य असेल तर क्लिकचा दर वापरा.

कन्व्हर्जन रेटला (आलेल्यांपैकी किती जणांनी खरेदी किंवा चौकशी केली) खाली काय आहे, क्लिक का सेशन, ते लिहा. आरओएएस म्हणजे जाहिरातीतून आलेली विक्री भागिले जाहिरातीचा खर्च, नफा नाही, हेही लिहा. आणि ज्या मेट्रिकमध्ये विक्री किंवा लीड मोजली जाते तिथे किती दिवसांत झालेली धरली ते सांगा, कारण मेटाच्या, म्हणजे फेसबुक-इन्स्टाच्या जाहिरातींत डीफॉल्टने क्लिकनंतर ७ दिवस आणि नुसती बघितल्यानंतर १ दिवस धरतात, दुसरीकडे वेगळं. सीपीएमला "दर १००० वेळा दिसण्याचा खर्च" एवढं पुरे. (आमच्याकडचा एक ज्युनिअर सहा महिने तो एम म्हणजे मिलियन समजत होता आणि कुणाला कळलं नाही. एजंटच्या नावाने का बोंबलायचं.)

उद्योगाच्या यादीत दुसरी डोकेदुखी. ही यादी बहुतेक वेळा बाहेरच्या रिपोर्टवरून येते, रिटेल, फायनान्स, एज्युकेशन अशी, आणि आपल्याकडचे क्लायंट म्हणजे दादरचं साडीचं दुकान, फरसाणवाले, आयव्हीएफ क्लिनिक, क्लासेस, एसआयपी विकणारे. कुठलं कुठे बसतं हे प्रत्येक पर्यायाच्या वर्णनात आपल्या शब्दांत लिहा, "शिक्षण: शाळा, कॉलेज, कोचिंग क्लासेस, ऑनलाइन कोर्स" असं. जे बसतच नाही ते "इतर"मध्ये ढकलू नका. "इतर" हा पर्याय ठेवला की एजंट प्रत्येक अवघड गोष्ट तिथे टाकतो. आम्ही तो काढूनच टाकला.

प्रदेशाला डीफॉल्ट देऊ नका. आमचं ५५ रुपयांचं प्रकरण याच डीफॉल्टने घडवलं, काही दिलं नाही किंवा सापडलं नाही की "जग". आता प्रदेश द्यावाच लागतो.

आणि कालावधी. इथे "क्यू१" असा पर्याय असेल तर आजच काढा. आपल्या अकाउंट्सवाल्यांसाठी पहिली तिमाही एप्रिल ते जून, प्लॅटफॉर्मच्या परदेशी रिपोर्टसाठी जानेवारी ते मार्च, आणि एजंट कुठली धरेल ते त्या दिवशीच्या वाक्यावर. सरळ सुरुवातीची आणि शेवटची तारीख मागा, वर्ष-महिना-दिवस अशा क्रमाने, आणि क्रम वर्णनात लिहा, नाहीतर ०५-०६ म्हणजे पाच जून का सहा मे यावरून अजून एक मीटिंग.

सणांचं वेगळंच. आपल्याकडे जाहिरातींचे दर सणासुदीला चढतात, सगळेच एकदम बोली लावतात ना, पण सण काही इंग्रजी महिन्याला बांधलेले नाहीत. गणेश चतुर्थी २०२३ ला १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला आणि २०२५ ला २७ ऑगस्टला. २०२३ ला लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ ला दिवाळी २०-२१ ऑक्टोबरलाच आली. म्हणजे एजंटने इमानदारीत ऑक्टोबर २०२३ आणि ऑक्टोबर २०२५ चे सीपीएम तुलनेला घेतले तर एकात दिवाळीची तयारी सुरू आहे आणि दुसऱ्यात फराळ संपलाय, आणि तो लिहिणार "खर्च अमुक टक्क्यांनी वाढला". यासाठी आम्ही तारखांच्या वर्णनात एक ओळ घातली: ऑगस्ट ते नोव्हेंबरमधली दोन वर्षांची तुलना करताना महिने न जुळवता सणापासूनचे आठवडे जुळवा, सणांच्या तारखा उत्तरातल्या "सण" या फील्डमध्ये येतात.

उत्तर कसं परत यावं

लोक इनपुटचं डॉक्युमेंटेशन करतात आणि उत्तराला नुसता आकडा सोडून देतात. पण आकड्याचा पुढचा प्रवास एजंटच्या वाक्यातून होणार आहे, त्यामुळे जे त्याच्यासोबत जायला हवं ते त्याच पिशवीत भरा. आमचं उत्तर आता असं दिसतं (आकडे खोटे आहेत, मुद्दाम):

मेट्रिक: सीटीआर_लिंक
मूल्य: ९९.९
एकक: टक्के
मध्यक का सरासरी: मध्यक
किती जाहिरातदार: ९९९
प्रदेश: भारत
कालावधी: २०२५-०४-०१ ते २०२५-०६-३०
व्याख्या: लिंकवरचे क्लिक भागिले किती वेळा दिसली
डेटा शेवटचा कधी बदलला: २०२५-०७-१५

एककावर अडून बसा. आधी आमचं टूल ०.०२१ असं अपूर्णांकात द्यायचं आणि एजंट कधी २.१ टक्के लिहायचा, कधी ०.०२१ टक्के. दोन्ही वाचायला ठीकच दिसतात, शंभरपटीची चूक डोळ्याला खुपत नाही. आता टक्के म्हणजे टक्के, आणि एकक शेजारी.

पैशांत असेल तर चलन वेगळ्या फील्डमध्ये द्या आणि रूपांतर एजंटवर सोडू नका. आकडा स्वल्पविराम न घालता द्या, लाख-कोटींची मांडणी नंतर रिपोर्टमध्ये होईल. आणि जीएसटी! प्लॅटफॉर्मवर दिसणारा खर्च जीएसटी सोडून असतो, पण क्लायंटच्या अकाउंटंटच्या शीटमध्ये बिलाची रक्कम असते, डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के धरून. त्या शीटवरून काढलेला लीडचा दर बेंचमार्कशी लावला की बसल्याजागी १८ टक्क्यांनी महाग. "जीएसटी सोडून" हे दोन शब्द व्याख्येत टाका, फुकट काम आहे.

मध्यक का सरासरी हेही सांगायला हवं, कारण दोन-तीन मोठे जाहिरातदार सरासरीला कुठल्या कुठे ओढून नेतात. किती जाहिरातदारांवरून आकडा काढला ते दिलं तर त्याच्या खाली एक नियमही द्या, आम्ही ३० पेक्षा कमी असतील तर "नमुना लहान आहे असं सांगा" असं लिहिलंय. ३० हा आमच्यापुरता ठरवलेला आकडा आहे, तुम्ही तुमचा ठरवा, पण ठरवा, नाहीतर एजंट चार दुकानांच्या आकड्याला उद्योग म्हणतो.

डेटा नसेल तेव्हा

एकच भाग नीट लिहायला वेळ असेल तर हा लिहा.

रिकामं उत्तर आलं की मॉडेलला ते भरायचा मोह होतो. त्याने शिकताना शेकडो बेंचमार्क रिपोर्ट वाचलेले असतात, काहीतरी आठवतं, तो सांगून टाकतो, आणि सांगताना "आमच्या टूलनुसार" असं म्हणायलाही कमी करत नाही. म्हणून नुसतं "शून्य निकाल" किंवा एरर कोड परत करायचा नाही. वाक्य परत करायचं, ज्यात काय झालं आणि आता काय करायचं दोन्ही आहे.

तीन प्रसंग वेगळे ठेवा. डेटा नाही, हा पहिला, आणि ही एरर नाहीये, हे बरोबर उत्तर आहे. आमचा मजकूर: "भारत, शिक्षण, लीडचा खर्च यासाठी या काळात डेटा नाही. जगाचा आकडा उपलब्ध आहे. तो हवा का हे युजरला विचारा, हवा असेल तर प्रदेश बदलून पुन्हा मागा आणि उत्तरात तो जगाचा आणि डॉलरमधला आहे हे सांगा. अंदाजे आकडा देऊ नका." म्हणजे पर्याय दाखवायचा, पण परस्पर बदलून द्यायचा नाही. दुकानात पारले-जी नसेल तर दुकानदार "दुसरं देऊ का" विचारतो ना, पिशवीत गुपचूप दुसरा पुडा नाही टाकत.

दुसरा, मागणी चुकीची, म्हणजे यादीत नसलेला उद्योग वगैरे. तेव्हा बरोबर पर्याय कुठले ते संदेशातच द्या म्हणजे एजंट स्वतः सुधारून परत मागतो. एमसीपीमध्ये टूल चालताना झालेली चूक उत्तराच्या आतच, चुकीची खूण लावून परत द्यायची सोय आहे आणि ती वापरा, कारण मॉडेलला तीच दिसते. खाली प्रोटोकॉलच्या पातळीवर फेकलेली एरर त्याच्यापर्यंत पोचेलच असं नाही.

तिसरा, सिस्टीम बंद. "तात्पुरतं बंद आहे, एकदा परत प्रयत्न करा, तरी नाही झालं तर युजरला सांगा की बेंचमार्क आत्ता मिळाला नाही." एकदा हा शब्द महत्त्वाचा, आमच्या एजंटने एका रात्री तीनशे वेळा प्रयत्न केला होता, बिल बघून कळलं.

उदाहरणं देताना जपून

तीन-चार उदाहरणं पुरतात: प्रश्न, त्यावर टूल कसं वापरायचं, आणि उत्तर कसं लिहायचं. एक उदाहरण असं ठेवा ज्यात टूल वापरायचंच नाही आणि एक असं ज्यात आधी उलट विचारायचं. प्रश्न खऱ्या भाषेतले ठेवा. आमच्याकडे कुणी "कृपया उद्योगाचा मध्यक क्लिक दर सांगा" असं बोलत नाही, "यार ये सीपीएल ज्यादा नहीं लग रहा?" असं बोलतात (सीपीएल म्हणजे एका लीडचा खर्च), मराठी-हिंदी-इंग्रजीची मिसळ.

एक सापळा सांगते, यात आम्ही नीट अडकलो होतो. उदाहरणात आम्ही खरा वाटणारा आकडा लिहिला होता, आणि काही वेळा एजंट टूल न वापरताच तो उदाहरणातला आकडा उचलून द्यायला लागला. वर ९९.९ आणि ९९९ असले वेडे आकडे का लिहिले ते आता कळलं असेल, चुकून बाहेर आले तर लगेच ओळखू येतात.

तपासणी

आता ती चाळीस प्रश्नांची फाईल काढा. प्रत्येक प्रश्न एजंटला विचारा, तोच प्रश्न निदान तीनदा, कारण उत्तरं दर वेळी सारखी नसतात. आणि शेवटचं उत्तर वाचून खूश होऊ नका, लॉग, म्हणजे एजंटने काय काय केलं त्याची नोंद, उघडून बघा: टूल वापरलं का, वापरायलाच हवं होतं का, पॅरामीटर काय भरले, आणि उत्तरातून एकक-प्रदेश-कालावधी गळून तर नाही पडले. आम्हाला असे बरेच प्रसंग सापडले जिथे उत्तर बरोबर होतं पण टूल हलवलंच नव्हतं, नशिबाने जुळलं होतं.

वर्णनात एका वेळी एकच वाक्य बदला आणि परत चालवा. कंटाळवाणं आहे, माहितेय. पण मी एकदा एका संध्याकाळी सहा वाक्यं एकदम सुधारली आणि निकाल बिघडला, मग कुठल्या वाक्याने घाण केली ते शोधायला दोन दिवस. (दोषी वाक्य निघालं "शक्यतो जवळचा पर्याय निवडा". मदत करायला गेले होते.)

अजून एक स्वस्त तपासणी म्हणजे मार्केटिंगचं काही माहीत नसलेल्या माणसाला वर्णन वाचायला द्यायचं आणि प्रश्न दिल्यावर तो काय भरतो ते बघायचं. आमच्या एचआरच्या ताईंनी उद्योगाच्या यादीतल्या तीन चुका दहा मिनिटांत काढल्या, त्यात "हेल्थ"मध्ये जिम येतं का हॉस्पिटल येतं हा प्रश्न तर आम्हाला कधी पडलाच नव्हता.

नंतरची देखभाल

वर्णन कोडसोबत एकाच रिपॉझिटरीत ठेवा आणि त्यातला बदल कोडच्या बदलासारखाच दुसऱ्याने बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. यादीतलं नाव काढायचं असेल तर आधी काही दिवस "हे बंद होतंय, त्याऐवजी अमुक वापरा" असं उत्तर द्या. बेंचमार्कचा मूळ डेटा विकत घेतलेला असेल तर तो क्लायंटला दाखवायची परवानगी करारात आहे का ते बघून घ्या, आणि आकड्यासोबत स्रोताचं नाव सांगणं बंधनकारक असेल तर तेही उत्तराच्या फील्डमध्ये घाला, एजंटच्या लक्षात राहील अशा भरवशावर राहू नका.

प्लॅटफॉर्मवाले व्याख्या बदलत राहतात. जीए४ मध्येच मार्च २०२४ मध्ये कन्व्हर्जनला "की इव्हेंट" असं नवीन नाव दिलं, तेव्हा आमच्या टूलच्या वर्णनात जुनाच शब्द होता आणि एजंट दोन वेगळ्या गोष्टी समजून रिपोर्टमध्ये दोन ओळी छापत होता. त्यामुळे महिन्यातून एकदा व्याख्यांची यादी वाचायचं काम एका माणसाच्या नावावर टाका, "टीम बघेल" म्हटलं की कुणीच बघत नाही.

"सण" फील्डचं काम माझ्याकडे आहे. दर डिसेंबरला ऑफिसात नवीन कालनिर्णय लटकलं की त्यातल्या तारखा बसून भरते, २०२६ चं लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, म्हणजे २०२५ शी तुलना करताना आठवडे परत सरकणार. क्लासेसवाल्या सरांचा रिपोर्ट अजून एजंटच लिहितो, आता त्यात लीडच्या खर्चापुढे लिहिलेलं असतं, "भारताचा आकडा उपलब्ध नाही."